स्मरणिकेसाठी मजकूर

पाळकसाहेब म्हणाले, मार्थाताई, इतिहास तुम्ही लिहा,
अक्षर चांगलं आहे, शिवाय प्रेसमध्ये होतात.
होते. नाशिकरोडला, एकतीस वर्षं,
तिकिटांच्या कागदातले दोष शोधायला.
एक दात कमी असलेलं तिकीट मला लांबून दिसायचं.
आता या वह्याही तशाच वाचते आहे,
कुठे काय पडायचं राहून गेलं.

पहिली वही, एकोणीसशे एकोणसाठ.
देवळालीच्या अलीकडे दोन एकर माळ, एक कडुनिंब.
मिशनच्या बाई आपल्या देशी परतल्या
तेव्हा बोर्डिंगच्या चार म्हाताऱ्या मागे उरल्या.
भाकऱ्या थापलेल्या, पोरींच्या उवा काढलेल्या,
परत जायला ज्यांना कुठलाच देश नव्हता.
त्यांच्यासाठी दोन खोल्या.
बाईंचं नाव वहीत तीन ओळी लांब.
म्हाताऱ्यांपुढे नुसतं: एक, दोन, तीन, चार.

तीन म्हणजे सगुणाबाई वाघचौरे,
एक आणि चार सख्ख्या जावा, भिंगारदिवे,
हे मला विचारत विचारत कळलं.
दोनचा पत्ता अजून नाही.

स्वयंपाकघराच्या आधी हौद बांधला.
आम्ही बुडवणारी माणसं, शिंपडून आमचं भागत नाही.
सात पायऱ्या, छातीएवढं पाणी.
बहात्तर साली आजूबाजूच्या विहिरी तळाला गेल्या
आणि बायका घागरी घेऊन फाटकाशी आल्या.
कमिटी बसली. ठराव चौथा:
बाप्तिस्म्याचं पाणी पिण्यास द्यावे किंवा कसे.
ठराव तहकूब, असं वहीत आहे.
एस्तेरमावशी सांगायच्या, चर्चा संपेपर्यंत
अर्धा हौद गेला होता,
आणि फाटकाची कडी त्यांनीच काढली होती.
हे वहीत नाही.

पुढे पिंपळगावच्या एका बागायतदाराने
द्राक्षांची रिकामी खोकी पाठवली, ट्रकभर.
त्यांची आमची कपाटं झाली.
माझ्या फळीवर अजून शिक्का आहे: निर्यातीसाठी.
मुलगा कॅनडात, फळी इथे.
रविवारी फोन आला की मी त्या शिक्क्यावर हात ठेवून बोलते,
का ते मला विचारू नका.

मधली वीस वर्षं वाळवीने वाचली.
त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

आणि मागच्या मार्चची गोष्ट. खोली सात, शमुवेल ओहोळ,
वय चौऱ्याऐंशी, मूळ शरणपूरचे,
म्हणजे तान्हेपणी शिंपडलेले.
जन्मभर आम्हाला चिडवत आले, बेडकांनो म्हणून.
एका सकाळी चहा बाजूला सारून म्हणाले,
मलाही बुडवा.
हौद कोरडा होता, तळाशी चाकाच्या खुर्च्या मोडून पडलेल्या.
त्या काढल्या, घासला, टँकर मागवला,
वर चाळीस बादल्या गरम पाणी, मोजून,
कारण मोजायची सवय जात नाही माझी.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं.
पाळकसाहेबांनी वचन म्हटलं, छान म्हटलं.
काका वर आले, डोळे मिटलेले, मिशीतून पाणी.
आम्ही सगळे श्वास धरून.
म्हणाले, माझं कानाचं यंत्र कुणाकडे आहे?
काय बोललात ते ऐकूच आलं नाही.

पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने.
रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानेही आमेन म्हटलं.

काका जूनमध्ये गेले. कपाट रिकामं केलं तेव्हा
तो ओला टॉवेल सापडला, घडी करून ठेवलेला,
आतून वाळलाच नव्हता.

प्रेसमध्ये सदोष कागद जाळायचे,
पण आधी मोजायचे, नोंदवायचे, दोघांच्या सह्या व्हायच्या.
एकही कागद असा कुणाच्या नकळत गेला नाही.

पाळकसाहेब, मजकूर इतकाच.
देणगीदारांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे.
पहिल्या पानावर क्रमांक दोनपुढे
मी एका नावापुरती जागा सोडली आहे.
छापखान्यात सांगा, चूक नाही ती.
तिथे फूल वगैरे काही टाकू नका.